मजकुरात नमूद नाही

महसूल खात्यात ३४ वर्षे कारकुनी करून, त्यांतली अखेरची ९ अव्वल कारकून म्हणून काढून, आणि निरोपसमारंभात नारळ, शाल व ‘आपल्या अनुभवाचा लाभ समाजाला मिळत राहो’ अशी घाऊक शुभेच्छा पदरात घेऊन मी घरी बसलो, त्यास आता बरेच दिवस झाले. परंतु त्या अनुभवाचा लाभ मागायला समाज काही आमच्या दारी आला नाही. आली ती माझी पुतणी, आणि तिने मागितला तो लाभ इंग्रजीचा.

ही पुतणी मिरजेच्या एका इस्पितळात परिचारिका. विलायतेत जाऊन तोच व्यवसाय करावा असे तिच्या मनाने घेतले, आणि तिथल्या परिचारिकांच्या पटावर नाव दाखल व्हायचे तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, असे निष्पन्न झाले. या परीक्षेचे पुरते नाव लांबलचक आहे. मुले तिला ‘आयेल्ट्स’ म्हणतात. १९८९ पासून ती अस्तित्वात आहे, तीत गुणांची कमाल ९ आहे, आणि परिचारिकेला ऐकणे, वाचणे व बोलणे या तीन अंगांत प्रत्येकी ७ व लिहिण्यात साडेसहा पडावे लागतात. शिवाय निकालाला २ वर्षांची मुदत असते. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते हे मी जन्मभर लोकांना ऐकवत आलो होतो. पण माणसाच्या इंग्रजीलाही मुदत असते, आणि ती टळली की ते औषधाच्या बाटलीसारखे बाद होते, ही कल्पना माझ्याही कारकुनी डोक्याला कधी सुचली नसती. ज्याला ती सुचली त्याच्याविषयी मला व्यावसायिक आदर वाटला.

‘काका, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर पेपर सोडवाल? एकटीनं बसलं की झोप येते,’ ती म्हणाली. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला झोप येणारच, हे मला पुष्कळ नंतर सुचले. त्या घटकेला, आपल्या इंग्रजीची कुणाला तरी गरज पडली या आनंदात, मी माळ्यावरच्या ट्रंकेतून रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण काढून त्याच्यावरची धूळ झटकत होतो.

आमच्या पिढीचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत रांगले आणि या रेन-मार्टिनच्या हाताखाली चालायला शिकले. त्यांतले पी. सी. रेन हे हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि पुढे १९२४ साली फ्रान्सच्या परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहून त्यांनी अफाट कीर्ती मिळवली, हे मला फार उशिरा कळले. आणि कळताक्षणी त्यांच्या व्याकरणाचा सारा स्वभाव उलगडला. त्या पुस्तकात वाक्ये नांदत नाहीत, ती कवायतीला उभी असतात. ‘नो सूनर’ने पाऊल टाकले की ‘दॅन’ने टाकलेच पाहिजे, ‘हार्डली’चे नाव पुकारले की ‘व्हेन’ने हजर म्हटलेच पाहिजे, आणि एखादा गैरहजर राहिला तर त्याचा गुण जागच्या जागी कापला जातो. प्रत्यक्ष आयुष्यात इंग्रज माणूस ‘नो सूनर’ने वाक्य सुरू करताना मी एकदाही ऐकलेला नाही; अर्थात प्रत्यक्ष आयुष्यात मी इंग्रज माणूसच फारसा ऐकलेला नाही.

कर्तरीचे कर्मणी करणे हा या कवायतीतला आमचा आवडता प्रकार, आणि त्यात मराठी मुलांना गती का असावी याचे कारण मी पुतणीला मोठ्या उत्साहाने समजावून दिले. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हापासून प्रयोगांची चर्चा आपल्याकडे चालू आहे, आणि तिचे तात्पर्य असे की, मराठी माणसाच्या हातून भूतकाळात काही घडले की क्रियापद त्याची बाजू सोडून कर्माला जाऊन मिळते. मी लाडू खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले. खाणारा दर वेळी मीच, पण क्रियापद आपली सारी अदब लाडवाला, पोळीला आणि आंब्यांना दाखवते, आणि खाणारा नामानिराळा राहतो. इंग्रज बिचारा ‘आय एट’ म्हणून पहिल्याच शब्दाला कबुलीजबाब देऊन बसतो. या नियमाला जी थोडी क्रियापदे अपवाद आहेत, त्यांत शिकणे आणि विसरणे ही दोन्ही यावीत, हे मात्र मला आजवर अन्यायाचे वाटत आले आहे. मी इंग्रजी शिकलो आणि मी इंग्रजी विसरलो, या दोहोंची जबाबदारी मराठीनेही माझ्याच माथी ठेवली आहे.

पुतणीने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘काका, या परीक्षेत कर्तरीचं कर्मणी करा असं विचारतच नाहीत.’

आर्टिकलांचे तसे नव्हते; ती लिहिताना पदोपदी लागत. ज्या भाषेत ‘अ’ही नाही आणि ‘द’ही नाही, त्या भाषेत वाढलेला माणूस इंग्रजी लिहू लागला की ही दोन अक्षरे एक तर सगळीकडे पेरतो किंवा कुठेच नाही. यावर मी तिला एक नियम करून दिला, तो कोणत्याही व्याकरणात सापडणार नाही. कागद कचेरीत प्रथम येतो तेव्हा तो कुठलासा एक कागद असतो. त्याला ‘अ’ लावावा. आवक बारनिशीत त्याची नोंद होऊन त्यावर क्रमांक पडला की तो ‘सदरहू’ कागद होतो. त्याला ‘द’ लावावा. या एका नियमाने तिच्या निम्म्या चुका गेल्या. उरलेल्या निम्म्यांबद्दल एवढेच की, इंग्रजीत नदीला ‘द’ लागतो आणि गावाला लागत नाही. तेव्हा कृष्णेची नोंद बारनिशीत कोणी व कधी केली आणि मिरजेची का राहून गेली, हे विचारण्यात अर्थ नाही.

शब्दसंग्रहाची तजवीज पुतणीने स्वतः केली. पिवळ्या चिठ्ठ्यांवर एकेक शब्द व त्याचा अर्थ लिहून तिने त्या आमच्या स्वयंपाकघरात जागोजाग चिकटवल्या, कारण दिवसातून वीस वेळा नजरेखालून गेलेला शब्द विसरत नाही असे तिला कुणीसे सांगितले होते. फ्रीजवर ‘डिटीरिओरेट’, लोणच्याच्या बरणीवर ‘प्रिझर्व्ह’, हिंगाच्या डबीवर ‘मिटिगेट’, आणि मिठाच्या बरणीवर ‘ॲबंडंट’. परिणाम भलत्याच ठिकाणी झाला. ज्या स्वयंपाकघरात माझा आणि पुतणीचा वावर चहापुरता, तिथे आमची ही उभा दिवस असे. आणि शाळेत इंग्रजीला पाठ दाखवून संसारात शिरलेल्या या बाईने तिसऱ्या आठवड्यात जेवताना मला सांगितले की, आमटीत मीठ ॲबंडंट झाले आहे, ताक घ्या म्हणजे मिटिगेट होईल. पुढे एकदा मी पापडाच्या डब्यावरून वाद घातला, तेव्हा ती मला ‘ऑब्स्टिनेट’ म्हणाली. ती चिठ्ठी कुठे लावली होती याचा मी पुष्कळ शोध केला. ती माझ्या चष्म्याच्या घरावर होती.

इथवर सगळे ठीक चालले होते. घोडे पेंड खाऊ लागले ते वाचनाच्या पेपरात.

या पेपरात तीन उतारे, चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटे असतात. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसत असू, मध्ये गजराचे घड्याळ, प्रत्येकाजवळ टोक केलेल्या दोन पेन्सिली. तास संपेपर्यंत चहा नाही, बोलणे नाही, आणि माझ्या बाबतीत ‘हं, हे चुकलंय त्यांचं’ असे पुटपुटणेही नाही, असा तिचा दंडक होता. प्रश्नांत एक जात अशी की, उताऱ्याखाली काही विधाने दिलेली असतात आणि प्रत्येकासमोर खरे, खोटे किंवा ‘नॉट गिव्हन’ यांपैकी एक लिहायचे असते. खरे आणि खोटे एवढ्या दोनच कोटींत जगाची वाटणी करून साठी गाठलेल्या मनुष्यापुढे ही तिसरी कोटी उभी राहिली, आणि माझ्या अधःपाताला प्रारंभ झाला.

एका संध्याकाळचा उतारा रेल्वे आणि घड्याळे यांवर होता. रेल्वे येण्यापूर्वी इंग्लंडात गावोगावची वेळ वेगळी असे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली आपल्या साऱ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टलच्या लोकांनी मात्र आपल्या एका घड्याळाला मिनिटाचे दोन काटे बसवले, एक लंडनचा आणि सुमारे दहा मिनिटे मागे असलेला एक आपला. आणि सबंध देशाला एकच वेळ लागू करणारा कायदा १८८० साली झाला. मजकूर मला इतका आवडला की, मी तो परीक्षेचा आहे हे विसरून दोनदा वाचला. खाली विधान होते: हिंदुस्थानातल्या शहरांनीही प्रमाणवेळ सहजासहजी स्वीकारली नाही. मी वाचल्याबरोबर ठळक अक्षरांत ‘ट्रू’ लिहिले आणि खाली रेघ ओढली. उत्तरसूचीत ‘नॉट गिव्हन’ होते.

‘सूची चुकली आहे,’ मी म्हणालो.

‘काका, उताऱ्यात हिंदुस्थानचं नाव तरी आहे का?’

‘उताऱ्यात नसेल, पण गोष्ट खरी आहे. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, आणि मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. एकोणचाळीस मिनिटांचा फरक! माझे वडील गिरणीत होते. मुंबई टाइम आणि स्टँडर्ड टाइम यांच्या घोळात त्यांची गाडी चुकलेली आहे.’

‘आजोबांची गाडी चुकली असेल हो, पण उताऱ्यात नाही ना.’

‘मग उतारा अपुरा आहे.’

‘आपल्याला उतारा तपासायचा नाहीये, काका. तुम्हाला ठाऊक असून उपयोग नाही. उताऱ्याला ठाऊक पाहिजे.’

त्या दिवशी मला चाळीसांत एकोणीस पडले. वाचनात ७ मिळवायला तीसच्या आसपास बरोबर यावी लागतात. दुसऱ्या दिवशी मधमाश्यांवर उतारा होता, त्यात अठरा. कारण आमच्या गावाकडे परसातल्या पोळ्याविषयी मला जी माहिती होती ती लेखकाला नव्हती. पुतणी ज्या ठिकाणी बोट ठेवून ‘हे इथे आहे का?’ एवढेच विचारी, त्या ठिकाणी मी आठवणी, अनुमान, शेजारधर्म आणि लोकमान्यता यांचे पुरावे दाखल करी. मराठी माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसते असे सहसा होत नाही. तेव्हा ती दिलेली नाही एवढ्यावरून तिच्याविषयी मौन पाळायचे, हे आमच्या कट्ट्यावरच्या कोणालाच साधले नसते.

परंतु तिचे ते वाक्य माझ्या कानांत राहिले. हे आपण कुठेतरी ऐकले आहे, असे वाटत होते, आणि कुठे ते आठवेना. मध्यरात्री केव्हातरी आठवले. ते मी ऐकलेले नव्हते, म्हटलेले होते.

नोकरीच्या मध्यावर माझ्याकडे निराधार अनुदानाच्या अर्जांचे टेबल होते. मंगळवारच्या बाजारात कोपऱ्यावर मेथी विकणाऱ्या एका म्हातारीने अर्ज केला होता. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तालुक्याच्या गावात ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस नव्हता, आणि मी तर दर आठवड्याला तिच्याकडूनच भाजी घेत असे. मी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि समासात शेरा मारला: ‘अर्जदारास मुलगे आहेत किंवा कसे, याबाबतचा खुलासा मजकुरात नमूद नाही; सबब अर्ज परत.’ ती टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘मला पोरगं न्हाई हे तुमास्नी ठावं हाय की, सायेब. दर मंगळवारी मेथी न्हेताय.’ मी चष्मा काढून, तिच्यावर उपकार केल्याच्या स्वरात म्हणालो, ‘आजी, मला ठाऊक असून उपयोग नाही. कागदाला ठाऊक पाहिजे.’

तिला एकूण चार हेलपाटे पडले. अर्ज मंजूर झाला. मेथीच्या जुडीला मात्र ती माझ्याकडून चार आणे जास्त घेऊ लागली, आणि ते कशाबद्दल, हे तिने कधी सांगितले नाही व मी कधी विचारले नाही.

म्हणजे ज्या विद्येवर चौतीस वर्षे पगार खाल्ला, तीच विद्या मला परीक्षेत येत नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी मी टेबलाशी बसलो तो अव्वल कारकून होऊन बसलो: उतारा हा अर्ज, लेखक हा अर्जदार, आणि विधान हे त्याचे म्हणणे, कागदात असेल तर असेल, नसेल तर शेरा. पंचवीस पडले. पुतणीने हात वर करून आरोळी ठोकली आणि दंडक मोडून चहा टाकला.

लिहिण्याच्या पेपराविषयी थोडक्यात सांगतो. पहिल्या प्रश्नात आलेखाचे वर्णन दीडशे शब्दांत करायचे असते, स्वतःचे मत न देता. ते मला उत्तम जमले. दुसऱ्यात अडीचशे शब्दांत स्वतःचे मत द्यायचे असते, आणि मी मोठ्या शहरांत मोटारींना बंदी असावी की नसावी या विषयावर दोन्ही बाजू तपशीलवार मांडून शेवटी सवयीने ‘योग्य त्या आदेशार्थ सादर’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिले. पुतणीने ते वाक्य खोडले. बोलण्याच्या सरावात मी परीक्षक होत असे. विषयाची चिठ्ठी, तयारीला एक मिनिट, बोलायला दोन. तिने एका रात्रपाळीची हकीकत सांगायला घेतली आणि दोन मिनिटे केव्हाच होऊन गेली तरी मी घड्याळाकडे पाहिले नाही. त्यात ‘द’ एके ठिकाणी राहिला होता. मी कापला नाही.

परीक्षेत तिला वाचनात साडेसात, ऐकण्यात व बोलण्यात सात-सात आणि लिहिण्यात बरोबर साडेसहा पडले. आता ती लीड्सला असते. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. तिथे तेव्हा सकाळ असते. माझ्याकडे सोडवायच्या राहिलेल्या पेपरांचा गठ्ठा ती ठेवून गेली आहे, आणि फ्रीजवरची चिठ्ठी आमच्या हिने अजून काढू दिलेली नाही. काकूची चौकशी झाली की ती विचारते, ‘काका, या आठवड्यात किती?’

गेल्या रविवारी एकतीस होते. चुकलेल्या नवांत चार ‘नॉट गिव्हन’ची.