चाळिशीच्या पुढे

डिसेंबर-जानेवारीत भिगवणला जाऊन उजनीच्या फुगवट्यावर पक्ष्यांचे ढीगभर फोटो काढणं हे काही अवघड काम नाही. नावाडी होडी उन्हाच्या बरोबर बाजूने नेतो, पक्षी कुठे बसलाय ते दाखवतो, त्याचं नाव सांगतो आणि ‘आता उडणार, दाबा’ हेही तोच सांगतो. फोटोग्राफरने फक्त दाबायचं. खरी मेहनत रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉपसमोर सुरू होते, आणि तिथे नावाडी नसतो.

असेच एक गृहस्थ घ्या. बँकेतून निवृत्त, हातात १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स, अंगात खिशांचं जाकीट. त्यांना खंड्या मिळालाय. चॉकलेटी डोकं, पांढरी छाती, निळे पंख आणि चेहऱ्याला न झेपणारी लाल चोच. वाळक्या बाभळीवर निवांत बसलेला. फोटो शंभर टक्के मोठा केला की डोळा किंचित मऊ वाटतो. ‘किंचित’ हा गृहस्थांचा शब्द. “हललाय,” हे घरच्यांचं मत.

“मग शार्प करा ना, बाबा,” मुलगा जाता जाता म्हणतो आणि झोपायला जातो. घरात त्या रात्री झोपलेला तो एकटाच.

तसं पाहिलं तर थोडं शार्प करण्यात लबाडी काहीच नाही. बहुतेक डिजिटल सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं. जाळीमुळे प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो. उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून भरले जातात. एवढी ऐकीव माहिती मिसळल्यावर चित्र थोडं मऊ येणारच. म्हणून फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम, कॅमेऱ्यातली कच्ची (रॉ) फाइल उघडताना, शार्पनिंगचा आकडा स्वतःच ४० वर ठेवतं. अडचण अशी, की ती पट्टी १५० पर्यंत सरकते. आणि सरकणारी पट्टी दिसली की गृहस्थांना ती मधेच सोडवत नाही.

शार्पनिंगमध्ये नवीन तपशील एक कणही तयार होत नाही. संगणक फोटोची एक धूसर प्रत काढतो, मूळ फोटोतून ती वजा करतो आणि जो फरक उरतो, म्हणजे मुख्यतः कडा, तो वाढवून परत मूळ फोटोत मिसळतो. कडेची काळी बाजू आणखी काळी होते, उजळ बाजू आणखी उजळ, आणि बघणाऱ्याला वाटतं पीस न् पीस मोजता येतंय. डार्करूमच्या जमान्यात हेच काम निगेटिव्हवर धूसर पॉझिटिव्ह फिल्म जोडून करत. आपला डोळाही यातलाच: कडेशी नसलेला उजेड-अंधार तो बघतो, हे एर्न्स्ट माख यांनी १८६५ सालीच नोंदवलंय. तेव्हा फसवणूक असलीच तर ती दोन्ही बाजूंनी आहे.

पट्टी १५० वर. खंड्याच्या पांढऱ्या छातीला, जिथे ती चॉकलेटी पोटाला भिडते, तिथे खडूने ओढल्यासारखी रेघ उमटलीय. मागचं पाणी सकाळी छान गुळगुळीत होतं; त्यावर आता रवा सांडलाय. आयएसओ ६४०० चा नॉइज तो. त्यालाही कडा असतात आणि संगणक बिचारा कडांमध्ये भेदभाव करत नाही. भेदभाव माणसाने करायचा. त्यासाठीच मास्किंगची पट्टी आहे. ऑल्टची कळ दाबून ती सरकवली की पडदा काळा-पांढरा होतो. पांढरं तेवढं शार्प होणार, काळं तसंच राहणार. पट्टी वर नेत गेलं की पाणी काळोखात जातं आणि शेवटी चोच, डोळा, पंखांच्या कडा आणि बाभळीचे काटे उरतात.

काटे नकोत. म्हणून गृहस्थ ‘सब्जेक्ट निवडा’वर बोट ठेवतात. २०२१ पासून लाइटरूमला पक्षी कुठला आणि फांदी कुठली हे कळतं. बहुतेक वेळा कळतं. आज त्याने काटे अंगाखांद्यावर घेतलेत आणि चोचीचं टोक बाहेर ठेवलंय. मग ब्रश घ्या, चोच आत घ्या, काटे खोडा. डोळ्यात चमकणारा पांढरा ठिपका आणि चोचीच्या मुळाजवळची बारीक पिसं, एवढ्यावर जोर द्या. छाती मऊ दिसते, कारण ती मऊच असते. तिथे हात लावू नका. हे शेवटचं वाक्य प्रत्येक कार्यशाळेत सांगतात आणि प्रत्येक जण छातीला हात लावतो.

“अहो, त्या पाखराचा डोळा राहू दे. तुमचे बघा कसे लाल झालेत,” आतून आवाज येतो.

हल्ली यावर एआयचा उतारा निघालाय. बटण दाबलं की हललेला खंड्या खडखडीत होतो, मात्र त्याच्या गालावरची पिसं खंड्याची असतीलच असं नाही. पूर्वी पाहिलेल्या हजारो फोटोंवरून यंत्राने ती अंदाजाने भरलेली असतात. याला दुरुस्ती म्हणणं जिवावर येतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शार्पनिंग चालतं, पण चित्रात नसलेलं काही घालायला बंदी आहे, आणि अंतिम फेरीत मूळ फाइल मागून घेतात. आणि दुपारी तापलेल्या हवेतून टिपलेल्या रोहित पक्ष्यांना तर कुठलंच शार्पनिंग सोडवत नाही. तिथे हवाच थरथरलेली असते.

पहाटे फोटो तयार होतो. ब्रूस फ्रेझर या जाणकाराने शार्पनिंगचे तीन टप्पे सांगितलेत: आधी सगळ्याला हलकंसं, मग निवडक जागी, आणि अखेरीस फोटो जिथे बघितला जाणार त्या मापाला. गृहस्थ तिन्ही टप्पे पाळतात आणि फोटो व्हॉट्सॲपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. तिथे चौथा टप्पा असतो. ॲप फोटोला आक्रसून, दाबून, हलका करून पुढे पाठवतं.

सात वाजता मेहुण्याकडून तोच खंड्या परत आला. त्यावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत ‘शुभ सकाळ’ होतं आणि ‘शु’ नेमका डोळ्यावर बसला होता. गृहस्थांनी तो शंभर टक्के मोठा करून पाहिला. अक्षरं अतिशय शार्प होती. मेहुणा म्हणाला, “भावजी, ब्लर होता जरा, मी ब्राइटनेस वाढवला.”