बॉनेटकाका

आमच्या सोसायटीत कुठल्याही गाडीच्या बॉनेटचा ‘खट्’ आवाज झाला की तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं. आधी टॉर्च दिसतो, मग फडकं, मग काका. चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली, पण सुपरवायझरी सुटलेली नाही.

त्यांची पहिली गाडी १९८६ सालची मारुती ८००. तिला कार्बोरेटर होता, चोक होता. कान लावला की दुखणं कळायचं. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं आणि इंजिनाला जागोजागी सेन्सर फुटले. दुसरा एखादा हिरमुसला असता. काकांनी एकेकाचा पत्ता पाठ केला.

परवाच्या रविवारी माझ्या छोट्या गाडीचा पिवळा दिवा लागला आणि इंजिन गार असतानाही रेडिएटरचा पंखा घरघरायला लागला. बॉनेट मी हळूच उघडलं होतं. तरीही टॉर्च आलाच.

“हा दिवा इंजिनाचा नाही रे, सेन्सरचा,” असं म्हणून काकांनी डावं कोपर इंजिनावर टेकवलं आणि नवरीकडच्या मंडळींची ओळख करून द्यावी तशी सुरुवात केली. “हा मॅप सेन्सर. मॅनिफोल्डवर बसून हवेचा दाब बघतो. थ्रॉटलवरचा तो टीपीएस. तू ॲक्सिलरेटर किती दाबलास, ते ईसीयूच्या कानावर घालतो. आता खाली वाक. अजून वाक.” मी पोट सांभाळत वाकलो. “तो क्रँक सेन्सर. घरातला कर्ता. तो रुसला की गाडी जागची हलत नाही.”

मला काहीही दिसलं नव्हतं. मी “हो हो” म्हणालो. बॉनेटखाली सगळे तेच म्हणतात.

ऑक्सिजन सेन्सरपाशी काका खरे रंगले. “हे दोघे भाऊ. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. धूर हुंगायचा, हाच दोघांचा धंदा. थोरल्याच्या शब्दावर पेट्रोल कमी-जास्त होतं. धाकटा नुसता कन्व्हर्टरच्या चहाड्या करतो.” एवढ्यात वॉचमन आणि पेपरवाला येऊन उभे राहिले होते, त्यामुळे दोन्ही भावांची ओळख पुन्हा पहिल्यापासून झाली. ओघात थर्मोस्टॅटजवळचा कूलंट सेन्सरही होऊन गेला. “हा तापला की याचा रेझिस्टन्स उतरतो. माणसाचा तापल्यावर वाढतो!”

पाऊण तासानं गॅरेजचा पोरगा आला. त्यानं स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसला, आकडे वाचले आणि पुढे येऊन अदबीनं म्हणाला, “काका, जरा कोपर काढता का?”

कोपराखाली कूलंट सेन्सरचा कपलर होता. त्याची वायर उंदरानं कुरतडलेली.

“बघ,” काका माझ्याकडे वळले, “मी मघाशी काय सांगत होतो?”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी सगळ्याच सेन्सरांची नावं घेतली होती, त्यामुळे बिघाड कुठेही निघाला असता तरी तो त्यांनीच आधी सांगितलेला ठरला असता. पोरानं वायर जोडली, टेप गुंडाळली, पंखा गप्प झाला. मी आभार मानायला तोंड उघडणार, तोच पलीकडच्या रांगेत ‘खट्’ झालं. वायपरचं पाणी भरायला कुणीतरी बॉनेट उघडलं होतं.

काकांनी टॉर्च उचलला.