साठीनंतर मिशनवर : नवशिक्या जोडप्यांसाठी मार्गदर्शक (घाना विभाग)

प्रथम पात्रता तपासा. तुम्ही युटामध्ये राहता, निवृत्त झाला आहात, घरात अठरा वर्षांखालचं मूल नाही, बिशपचं तुमच्याबद्दल मत बरं आहे आणि लग्नाला चाळीस वर्षं होऊनही तुम्ही एकमेकांशी बोलता. शेवटची अट अर्जात छापलेली नसते. ती पूर्ण होत नसेल तर बाकीचा अर्ज भरण्याचे कष्ट घेऊ नका.

सगळं जमत असेल तर तुम्ही ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे ज्येष्ठ मिशनरी म्हणून परदेशी जाऊ शकता. हे पूर्ण नाव आजच पाठ करा. ‘मॉर्मन’ हा सुटसुटीत शब्द वापरू नका, असं २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं. आम्ही मात्र वापरणार आहोत. आम्हांला बिशप नाही.

पगाराची चौकशी करू नका, तो नाही. घरभाडं, किराणा, औषधं तुमच्याच खिशातून. २०११ मध्ये चर्चने परदेशी जाणाऱ्या जोडप्यांच्या घरभाड्याला महिना १४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली, म्हणजे त्यावरचा बोजा तुमच्यावर नाही. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने. चोविसावा महिना कुठे गेला, हे विचारून कुणाला अडचणीत टाकू नका.

आपल्याकडची निवृत्त जोडपी नातवंडं सांभाळायला सहा महिने न्यू जर्सीला जातात. युटातली जोडपी नातवंडं मागे ठेवून अक्राला जातात. काम दोन्हीकडे साधारण तेच : स्वयंपाक, गाडीतून ने-आण आणि तरुणांनी घातलेला पसारा आवरणं. फरक एवढाच, की तिकडचे तरुण परक्यांचे असतात आणि पसारा दाखवताना त्यांना लाज वाटते.

सामान

पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला पासपोर्टबरोबर ठेवा. त्याशिवाय घानात प्रवेश नाही. वॉफल बनवायचं यंत्र घरीच ठेवा. अमेरिकेतली वीज सुमारे १२० व्होल्टची, घानातली २३० ची. यंत्र लावल्यावर पहिला वॉफल होण्याआधीच धूर निघेल, आणि शेजारच्या फ्लॅटमधली सिस्टर बघायला येईल, कारण तिचंही यंत्र गेल्या वर्षी असंच गेलं. जेलीची पाकिटं न्या. जेल-ओ हा युटाचा अधिकृत राज्य-खाऊ आहे. २००१ मध्ये विधिमंडळात तसा ठरावच झाला. मात्र जेली घट्ट व्हायला फ्रिज लागतो, फ्रिजला वीज लागते, आणि विजेच्या येण्याजाण्याला घानात ‘डुमसोर’ असं खास नाव आहे. ज्या गोष्टीला देशाने नाव ठेवलं आहे, ती अधूनमधून घडणारच असं धरून चला.

संबोधन

छातीवर काळी पाटी लागली की तुमची पहिली नावं संपली. सत्तरीचे आजोबाही ‘एल्डर’ आणि अठरा वर्षांचा मिसरूड फुटलेला पोरगाही ‘एल्डर’. आजी ‘सिस्टर’. चारचौघांत बायकोनेही नवऱ्याला ‘एल्डर’ अमुक-तमुक म्हणायचं. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत आपल्या आजीबरोबर संपली, असं ज्यांना वाटतं त्यांनी अक्राच्या मिशन ऑफिसात एक दिवस बसून यावं. स्थानिक लोक मात्र तुम्हांला सरळ ‘डॅडी’ आणि ‘ममी’ करून टाकतील. हरकत घेऊ नका. हीच बढती आहे.

फ्लॅटची तपासणी

मिशन म्हणजे दारोदार जाऊन धर्म सांगणं, अशी तुमची समजूत असेल. ते काम पांढरा शर्ट-टाय घातलेली पोरं करतात, मुली दीड वर्ष आणि मुलगे दोन वर्षं. ज्येष्ठांना त्याची सक्ती नाही. तुमच्या वाट्याला त्या पोरांची भाड्याची घरं येतात : गाद्या, गॅस, पाण्याचा फिल्टर, घरमालक, आणि गळका नळ घरमालकाचा की भाडेकरूचा हा जागतिक प्रश्न.

तपासणीची पद्धत अशी. आधी कळवून गेलात तर फरशी ओली आणि पोरांचे चेहरे निष्पाप सापडतील. न कळवता गेलात तर खरी परिस्थिती दिसेल, पण त्या दिवशी जेवण जाणार नाही. आम्ही पहिला मार्ग सुचवतो. प्रथम मच्छरदाणी बघा. ती पलंगावर टांगलेली हवी. तिच्यावर मोजे वाळत असतील तर मलेरियावर पाच मिनिटं बोला. पोरं मान डोलावतील. मग स्टुलावर चढून मच्छरदाणी स्वतःच टांगा, आणि खाली उतरताना गुडघ्यावर हात ठेवलेला कुणाला दिसू देऊ नका.

नंतर फ्रिज. डब्यात काय आहे ते विचारू नका. कधीपासून आहे ते विचारा. ‘आमच्या आधीच्या एल्डरांचं आहे’ हे उत्तर सगळ्या देशांत सारखंच मिळतं. मोरीशी आलात की कोण कुठून आला आहे ते बघा. आयडाहोच्या मुलाने जन्मात बादलीत कपडे धुतलेले नसतात. सिएरा लिओनचा त्याचा जोडीदार त्याला कॉलर कशी घासायची ते दाखवतो. या शिक्षणात लुडबुड करू नका. दालचिनीचे रोल बरोबर नेले असतील तर ते तपासणी संपल्यावरच बाहेर काढा. आधी काढले तर उरलेली तपासणी तुम्हांला एकट्यालाच करावी लागेल.

एखादा मुलगा गप्प दिसला तर कारण विचारू नका. त्याला गाडीत पुढे बसवून बाजारात न्या. परत येईपर्यंत त्याच्या आईचं आजारपण कळलेलं असेल. मिशन-अध्यक्षांच्या मुलाखतीत जे निघत नाही ते पिठाच्या पोत्यामागे उभं राहून निघतं. आमच्या मते ज्येष्ठ जोडप्यांवर होणारा सगळा खर्च इथेच वसूल होतो.

जोडीदार

तरुण मिशनऱ्यांनी जोडीदाराला सोडून कुठे जायचं नाही, असा नियम आहे; काही आठवड्यांनी बदल्या होतात आणि नवा जोडीदार मिळतो. तुम्हांला बदली नाही. पूर्वी एल्डर आठ तास नोकरीवर असत, ते आता समोरच्या टेबलावर हिशेब लिहितात आणि दर दहा मिनिटांनी स्टेपलर कुठे आहे ते विचारतात. भांडण सोमवारी करा. तो बहुतेक ठिकाणी सुटीचा, म्हणजे ‘पी-डे’. कपडे धुणं आणि बाजार त्याच दिवशी असतो, त्यामुळे विषय शोधावे लागत नाहीत. रविवारी खरेदी नाही. भांडणाबद्दल नियम नाही, पण वेळही नाही.

खाणंपिणं

चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. आज्ञा १८३३ ची. घानात त्याचं फार दुःख करू नका : कोकोच्या देशात गरम मायलो सर्वत्र मिळतो आणि तो चालतो. फुफू उजव्या हातानेच खा, चावू नका, गिळा. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका. हा परिच्छेद मराठी वाचकाने वगळला तरी चालेल. युटाच्या माणसाला मात्र पाठ करावा लागतो.

इतिहास

हा भाग वगळू नका. जून १९७८ पर्यंत या चर्चमध्ये काळ्या पुरुषांना पौरोहित्य मिळत नव्हतं, जे एरवी जवळजवळ प्रत्येक प्रौढ पुरुष सभासदाला मिळतं. तरीही केप कोस्टच्या परिसरात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन १९६४ पासून स्वतःच मंडळ्या चालवत होते, वरून कुणीही पाठवलेलं नसताना. बंदी उठल्यावर त्याच वर्षी नायजेरिया-घानात जे पहिले मिशनरी उतरले ते तरुण नव्हतेच : मेबी आणि कॅनन ही दोन प्रौढ जोडपी. तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांना चर्च शिकवायला जाऊ नका; तुमच्या आधी त्यांनी चौदा वर्षं वाट पाहिली आहे. पुढे १९८९ मध्ये घाना सरकारने चर्चचं कामच बंद केलं, ते १९९० च्या अखेरीपर्यंत. अक्रातलं देऊळ २००४ चं आहे.

किती जणांना बाप्तिस्मा दिला, हा हिशेब ठेवू नका. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला आणि धर्मप्रसारासाठी पुण्यालाही गेला. त्याच दशकात ते काम गुंडाळलं गेलं. पुण्याला बोल लावण्याचं कारण नाही. कलकत्त्यातही तेच झालं.

परतताना

शेवटच्या महिन्यात मन घराकडे लागतं. मिशनरी याला ‘ट्रंकी’ होणं म्हणतात. दोन नातवंडं तुम्ही फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली आहेत, तीही युटाची संध्याकाळ होईपर्यंत झोपून न जाता जागे राहिलात म्हणून. हे सगळं खरं असलं तरी किल्ल्या देताना नव्या जोडप्याला कुठला घरमालक फोन उचलतो आणि कुठल्या फ्लॅटची टाकी गळते, हे लिहूनच द्या. घरी पोचल्यावर बरीच जोडपी पुन्हा अर्ज करतात. त्यात देशाची पसंती विचारतात. ती जरूर लिहा. फक्त बोलावणं हातात पडेपर्यंत बॅग भरू नका.