आतली बाजू

"आम्ही एमजी घेतली," असं नवऱ्यानं पुण्याला फोनवर सांगितलं आणि त्या रात्रीपुरती आमची घराण्यातली पत फार वाढली. भारतात आता एमजी म्हणजे हेक्टर. गुजरातेत हलोलला तयार होणारी, उंच, चकचकीत, छपरातून आभाळ दाखवणारी आणि तोंडी हुकूम ऐकणारी. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर दिरांनी गाडी बघायला मागितली. नवरा उत्साहानं फोन घेऊन गॅरेजात आला. पलीकडच्यांना दिसली ती 1971 सालची, बुटकी, दोन दारांची पांढरी गाडी. आत सीट नाहीत, खाली गालिचा नाही, दारांना अस्तर नाही. ड्रायव्हरच्या जागी पाट टाकून त्यावर मी बसलेली, हातात गंज खरवडायची पट्टी. जरा वेळ कोणी काही बोललं नाही. मग मोठ्या जाऊबाईंनी हळूच विचारलं, "चोरी झाली का गं?"

चोरी नव्हती, काटकसर होती. इथे इंग्लंडात जुनी एमजीबी जीटी दोन प्रकारांत मिळते. सगळं काम झालेली, जिच्या किमतीत आमचं स्वयंपाकघर नवं झालं असतं. आणि बाहेरून बरी पण आतून उंदरांनी संसार करून सोडलेली. आम्ही दुसरी घेतली. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला इथे रस्ताकर माफ असतो, आणि तिच्यात फार मोठे बदल केलेले नसतील तर दरवर्षीची सक्तीची तपासणीही नसते. हे नवऱ्यानं मला इतक्यांदा ऐकवलं, की ही गाडी घरात चार पैसे कमावून आणणार असं मला वाटू लागलं होतं.

दिरांची समजूत पटली ती वेगळ्याच कारणानं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसचा धंदा. त्याच मॉरिसच्या नावाच्या 'ऑक्सफर्ड' गाडीवरून आपली अँबॅसिडर झाली. अँबॅसिडरचं 1489 सीसीचं जुनं इंजिन आणि आमच्या गाडीचं 1798 सीसीचं, दोन्ही एकाच बी-सीरिज घराण्यातली. म्हणजे या दोघी चुलत बहिणी. एक ॲबिंग्डनला जन्मली, इटलीच्या पिनिनफरिनाच्या मदतीनं 1965 साली तिच्या डोक्यावर देखणं छप्पर बसलं, आणि हौशी तरुणांना घेऊन ती वीकेंडला भटकू लागली. दुसरीनं उत्तरपाड्याहून निघून साहेब, फायली आणि मागच्या सीटवर पाच पाहुणे वाहिले. सडपातळ बहिणीचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला. जाडी 2014 पर्यंत तयार होत होती. सासरे पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे हे नातं कळल्यावर दीर एकदम मऊ झाले. "म्हणजे बाबांच्या ऑफिसच्या गाडीच्याच घराण्यातली," म्हणाले, आणि आमची पत निम्म्यानं परत आली.

मला मात्र पहिल्यापासून वाटत होतं, की गाडीचं बाहेरचं रूप हे खरं शेजाऱ्यांच्या मालकीचं असतं. रस्त्यानं जाताना ती कशी दिसते हे आपल्याला कधीच दिसत नाही. आपल्याला दिसतं ते चाक, काटे, आणि आपलाच गुडघा. तरी माणसं सगळा पैसा रंगावर घालतात आणि आत जुना टॉवेल अंथरून बसतात. आमच्याकडे रंगाला पैसेच नव्हते, त्यामुळे हे तत्त्वज्ञान अंगी बाणवणं सोपं गेलं.

पण थोडक्या पैशांत आतलं काम करायला एमजीबीसारखी वाईट गाडी नाही, कारण तिचं सगळं मिळतं. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातल्या खूप अजून चालतात, म्हणून त्यांचा बाजारही चालतो. 1988 पासून तर जुन्याच साच्यांवर ठोकलेलं गाडीचं अख्खं पत्र्याचं कवचसुद्धा नवं विकत मिळतं. कॅटलॉग उघडावा तर प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वायसर, प्रत्येक रबरी बूच क्रमांकासह हजर. काही मिळतच नसलं तर आपण गुण्यागोविंदानं जुन्यावर भागवतो. सगळं मिळतं म्हटल्यावर रात्री झोपण्यापूर्वी नवरा तो कॅटलॉग पोथीसारखा वाचू लागला.

त्याला आधी गालिचे हवे होते. गालिचा टाकला की खोली भरल्यासारखी दिसते, तशी गाडीही दिसते, म्हणून. मी म्हटलं, आधी पाणी. बंद छपराच्या असोत की उघड्या, या गाड्यांत पाणी येतं. काचेच्या रबरातून येतं, दारांच्या रबरातून येतं, आणि एका चोरवाटेनं येतं जी आम्हाला उशिरा सापडली. बॉनेटच्या मागे, पुढच्या काचेपाशी हवेची एक जाळी असते. तिच्यातून हवेबरोबर पाऊसही आत जातो आणि खालच्या एका रबरी नळीतून वाहून जावा अशी योजना असते. त्या नळीत वर्षानुवर्षांची पानं कुजून बसली, की पाणी हीटरच्या वाटेनं थेट बसणाऱ्याच्या पायाशी उतरतं. गालिच्याखालचं नमद्याचं अस्तर ते आनंदानं पिऊन घेतं, वरून सगळं कोरडं दिसतं, आणि खाली पत्रा निवांत गंजत राहतो. अशा जमिनीवर नवा गालिचा घालणं म्हणजे थडग्यावर चादर. मी वाकवलेल्या तारेनं नळी उकरली, मग तांब्यानं वरून पाणी ओतलं. ते गाडीखाली पडलं तेव्हा झालेला आनंद नवऱ्याला समजावून सांगता आला नाही.

जुना गालिचा उपटताना खाली एक छोटं तांबूस नाणं सापडलं. अर्धी पेनी. ब्रिटननं दशमान चलन आणलं तेही 1971 मध्येच, आणि ही अर्धी पेनी 1984 च्या अखेरीस चलनातून गेली. म्हणजे निदान तेव्हापासून तरी कुणी इथे नीट झाडलेलं नव्हतं. उंदरांना दोष देण्यात अर्थ नाही.

सीट माझ्या वाट्याला आल्या. वाट्याला आल्या म्हणजे मीच ओढून घेतल्या. चामड्याच्या तयार कव्हरांची किंमत बघितल्यावर घरात शिवणयंत्र असलेली बाई स्वस्थ बसू शकत नाही. या सीटचं रहस्य साधं असतं. पोलादी सांगाडा, त्यावर आकड्यांनी ताणून धरलेला रबराचा पडदा, त्यावर फोम, त्यावर रेक्झिन. रबर सैल पडलं की माणूस खाली जातो. मग त्याला वाटतं स्टिअरिंग उंच आहे. फोम हातात घेतला तर त्याचा पिवळा भुगा झाला. रबर आणि फोम नवे आणले, तिथे मी पैसा वाचवला नाही. बसणाऱ्याचं वजन ज्यावर पडतं तिथे चिक्कूपणा करू नये.

कव्हरं मात्र शिवली. जुनं कव्हर आधी उसवायचं, पण उसवण्यापूर्वी प्रत्येक जोडावर खडूनं खुणा करायच्या. नाहीतर टेबलावर रेक्झिनचे चमत्कारिक आकाराचे तुकडे उरतात आणि त्यातला कुठला कुणाचा शेजारी होता ते कळत नाही. रेक्झिनला टाचणी चालत नाही. कापडात टोचलेलं भोक मिटतं, इथे ते जन्मभर राहतं. म्हणून टाचण्यांच्या जागी वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे लावले. चुकलेली टीप उसवूनही दिसते, त्यामुळे या कामाला ब्लाउजपेक्षा जास्त विचार लागतो. साधं यंत्र जाड सुई लावली तर दोन थर मुकाट्यानं घेतं. पायपिंगपाशी चार थर आले की गुरगुरतं. तिथे मोटार बंद करून हातानं चाक फिरवत एकेक टाका घ्यायचा. शेवटी फोमवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, म्हणजे कव्हर सरकतं, आणि माझ्या केसांच्या ड्रायरनं रेक्झिन ऊन करत ओढायचं. नवरा सांगाडा धरून बसायचा. लग्नानंतर इतकी एकमेकांच्या समोर बसून कामं आम्ही कधी केली नव्हती.

तोच ड्रायर डॅशबोर्डलाही गेला. इंग्लंडातल्या 1971 च्या एमजीबीचा डॅशबोर्ड पत्र्याचा, काळा, सुरकुत्या पडलेला. या सुरकुत्या मुद्दाम पाडतात. खास रंगाचे जाड थर लागोपाठ मारायचे. वरची साय आधी सुकते, खालचा थर ओला राहतो, आणि ती साय आक्रसून सगळीकडे चुण्या पडतात. ऊब दिली की चुण्या बारीक आणि एकसारख्या येतात. पोचे आणि ओरखडे त्यात गडप. एकाच ड्रायरसमोर नवरा पत्र्यावर सुरकुत्या उमटण्याची वाट बघत होता, आणि माझ्या कपाटात त्या घालवायच्या क्रीमची बाटली होती, तिची किंमत त्या रंगाच्या डब्याहून जास्त. यावर मी त्याला काही बोलू दिलं नाही.

दारांच्या आतले पुठ्ठे फुगले होते, ते कागदावर गिरवून पातळ प्लायवुडचे केले, मागे पॉलिथिन लावलं. संपलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सप्टेंबरात ब्यूलीला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, 1967 पासून. हॅम्पशरच्या हिरव्यागार मैदानावर पुण्याचा जुना बाजार उचलून आणून ठेवावा आणि सगळ्यांना रांगेत उभं राहायला शिकवावं, असं दृश्य. तिथे मी घासाघीस केली. विकणारे आजोबा खूश झाले, नवरा दहा पावलं लांब जाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी रेडिएटरकडे बघत उभा राहिला. मग एकटा फिरायला गेला आणि क्रोमचा ॲशट्रे घेऊन आला. आमच्याकडे कुणी सिगरेट ओढत नाही. "गिअरच्या मागे त्याची जागा आहे," तो म्हणाला, "ओरिजिनल आहे." जागा होती हे खरं. आता त्यात बडीशेप असते.

सगळं झाल्यावर ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेची पट्टी उरली. तिथलं रेक्झिन कोपर टेकून टेकून गुळगुळीत आणि करडं झालेलं. नवी पट्टी कॅटलॉगात होती, स्वस्तही होती. पण ती मी बदलू दिली नाही. फाटलेलं शिवावं, ओलं कोरडं करावं, पण घासून गुळगुळीत झालेलं दुरुस्त करण्याजोगं नसतंच मुळी. पैसे भरपूर असते तर हा प्रश्न आला नसता. सगळंच नवं घेऊन मोकळे झालो असतो, आणि त्या कोपराची आठवण कुठल्यातरी कचराकुंडीत गेली असती. नवऱ्याचं म्हणणं, ही मी काटकसरीला दिलेली पोशाखी सबब आहे. असेल. सबबही चांगली बेतून शिवलेली असावी.

नंतर नाशिकहून मावशी आली. तिनं आयुष्यभर शिवणक्लास चालवला. माझ्या हाताला वळण तिचंच. तिला आम्ही दोघांनी धरून त्या खोल सीटमध्ये उतरवलं. नवरा सुरकुत्यांचा डॅशबोर्ड, बडीशेप, अँबॅसिडरचं नातं सांगत होता. मावशी ऐकत नव्हती. तिनं मांडीखाली हात घातला, पायपिंगवरून बोट फिरवत नेलं आणि पुढच्या बाजूला थांबली.

"जोड पुढे का घेतलास? जोड नेहमी मागे, दिसणार नाही असा."

"जुन्या कव्हरला तिथेच होता, मावशी. मी खुणा करून तसाच ठेवला."

"मग ज्यानं ते शिवलं त्याचंही चुकलंच," मावशी म्हणाली.

मागची सीट अजून उसवायची राहिलीय, हे मी तिला सांगणार नव्हते. नवऱ्यानं सांगितलं.

"चष्मा आण माझा," मावशी म्हणाली, "आणि आधी मला यातून वर काढा."