पोरगी दुपारी सुटते, आम्ही संध्याकाळी शाळेत

म्युनिक

ती. अण्णा आणि ती. आईस,


छोटीचं प्रगतिपुस्तक बघून आईचा फोन आला, "पोरीला गणितात एकच मार्क, आणि तुम्ही पेढे कसले वाटताय?" आई, इथे 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 6 म्हणजे पार बुडाला. पेढे दुधाच्या पावडरचे असले, तरी रास्त होते. अण्णांनी "सविस्तर लिही" असं बजावलं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे दहावीला जे होतं, ते इथे वयाच्या दहाव्या वर्षीच होतं. बव्हेरियात चौथीला जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली आली, तर मूल थेट गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेला लागतं. तो कागद मेच्या सुरुवातीला मिळतो. एप्रिलभर आमच्या वसाहतीतले आईबाप लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. एवढ्या लहान वयात चाळणी लावणं मला काही पटत नाही. इथल्या बऱ्याच लोकांनाही पटत नाही, पण चाळणी आहे तिथेच आहे.

डिसेंबरात मामाकडच्या लग्नाला आलो नाही, याचा राग आता सोडा. सुट्टी लागायच्या आधी मूल शाळेतून काढणं हा इथे दंडाचा मामला आहे. सुट्टीच्या तोंडावर बव्हेरियातल्या विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईबापांना गाठल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. लग्नाचं जेवण कितीही चांगलं असलं, तरी पोलिसाला "मामाच्या मुलीचं लग्न" हे जर्मनमध्ये समजावण्याइतकी माझी तयारी नाही.

त्या तयारीसाठीच मी फोक्सहोखशूलेला जातो. ही मोठ्यांची शाळा. म्युनिकची 1896 सालापासून आहे, आणि 1919 च्या जर्मन राज्यघटनेत अशा शाळांना सरकारने हातभार लावावा असं कलमच होतं. छोटी दुपारी घरी येते, खेळते. आम्ही दोघं ऑफिसातून आलो की दप्तर घेऊन बाहेर पडतो आणि रात्री गृहपाठ करत बसतो. सध्या माझी नागरिकत्वाच्या परीक्षेची घोकंपट्टी चालू आहे : 310 प्रश्नांतून 33 येतात, 17 बरोबर आले की पास. छोटी तपासनीस. "चॅन्सेलरला कोण निवडतं?" मी छताकडे बघतो. "बुंडेस्टाग, बाबा!" तिची छडी तेवढी बाकी आहे.

तुमची सून तिथेच योगवर्गाला जाते. आई, हसू नका. शिकवणारी बाई जर्मन आहे, पैसे आगाऊ घेते आणि सूर्यनमस्कारात हिची कंबर वाकत नाही म्हणून रोज हिला ओरडते. लहानपणी तुम्ही फुकट ओरडत होतात, तेव्हा मी तरी कुठे ऐकलं?

अण्णा, आता तुमच्या कामाचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्याच शाळेत जुनं जर्मन हस्ताक्षर वाचायला शिकताहेत. 1941 मध्ये सरकारी हुकमाने ते शाळांतून काढून टाकलं, त्यामुळे घरात आजोबांची पत्रं आहेत आणि वाचणारा कुणी नाही. मी त्यांना आपल्या मोडीबद्दल सांगितलं, वाईच्या घरातल्या ट्रंकेतल्या दप्तराबद्दल आणि ते घडाघडा वाचणाऱ्या निवृत्त मास्तरांबद्दलही, म्हणजे तुमच्याबद्दल. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या "हेर लेहरर (म्हणजे मास्तर) कधी येणार?" एवढंच विचारतात. त्यांच्या वर्गात वरून खाली बघणारं कुणी नसतं. विशीतला पोरगाही त्यांच्याच बाकावर बसून तेच अक्षर चुकतो.

तेव्हा गुडघ्याची सबब पुरे. व्हिसा 90 दिवसांचा मिळतो, शरदातले वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात आणि चांगल्या वर्गांच्या जागा भराभर संपतात. आईला कुंभारकाम हवं की इटालियन स्वयंपाक, तेही विचारून ठेवा आणि दोघांचे पासपोर्ट अजून चालू आहेत का, ते आजच बघून कळवा.

तुमचा,
धाकटा