अण्णांचं समुद्रोल्लंघन

कोचीला जाणारा मराठी माणूस शक्यतो फोर्ट कोचीत उतरतो. आम्ही वैपिन बेटावर उतरलो, कारण तिथल्या घरगुती खोल्या स्वस्त पडतात असा शोध अण्णांनी लावला होता. अण्णा म्हणजे माझे सासरे. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. नोकरी संपली, नियंत्रण चालू आहे. बघण्यासारखं बहुतेक सगळं पलीकडच्या काठावर आहे, ही गोष्ट त्यांनी खोलीचे पैसे भरून झाल्यावर सांगितली. "त्यात काय, समोर तर दिसतंय!"

दिसतं, हे खरंच. मधे फक्त वेम्बनाडच्या खाडीचं तोंड आहे. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला, त्यात मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं बुजलं, कोचीचं तोंड मोकळं झालं आणि वैपिन पाण्यातून वर आलं, असं मानतात. 2004 साली गोश्री पुलांनी हे बेट एर्नाकुलमला जोडलं. फोर्ट कोचीला मात्र नाही. गाडीनंच जायचा हट्ट असेल तर एर्नाकुलम गाठून सगळ्या शहराला वळसा घाला, पंधरा किलोमीटरांच्या वर. पाण्यावरून पाच-सात मिनिटं. वैपिनच्या रिक्षावाल्यानंही आम्हाला "जेट्टी, जेट्टी" म्हणत धक्क्याकडे पिटाळलं. रिक्षावाल्यानं हातचं गिऱ्हाईक सोडावं, इतका हा हिशेब सरळ आहे.

पण 'बोट' हा शब्द माईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कानावर पडला होता. माईंचं लहानपण रत्नागिरीकडचं. मुंबईला जायचं तर मचव्यातून हेलकावे खात आगबोटीपर्यंत पोचायचं, दोरीच्या आधारानं वर चढायचं आणि मग रात्रभर बोट लागायची, असा तो काळ. त्या काळाला शोभेल अशी तयारी झाली. आवळासुपारी, आलेपाक, लिंबं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, दशम्या, लसणीची चटणी. "उपाशीपोटी बोट जास्त लागते," असं म्हणून त्यांनी सकाळी सातला सगळ्यांना पोटभर खायला घातलं. बायकोनं मला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

धक्क्यावर तिकीट मिळालं ते मुंबईत कटिंगलाही पुरणार नाही एवढ्या पैशांत. समोर उभी होती रो-रो: सपाट लोखंडी पाठ, दोन्ही टोकांना खाली पडणारी फळी, मधे गाड्या, कडेला माणसं. 2018पासून अशा दोन इथे आहेत, 'सेतुसागर' नावाच्या, कोचीच्याच गोदीत बांधलेल्या. गाड्या एका तोंडानं चढतात आणि दुसऱ्या तोंडानं उतरतात. अण्णा ते बघून जागीच थांबले. उभं आयुष्य आगारात शिट्टी फुंकत, "येऊ दे, येऊ दे, बास!" ओरडण्यात गेलेलं.

"जावईबापू, ह्यांना रिव्हर्सच नाही हो!" त्यांचा आवाज कापत होता. भक्तीनं की हेव्यानं, सांगता येत नाही.

गाड्या लावणारा खलाशी तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. नुसत्या दोन बोटांनी तो मोटारींना आरशाला आरसा लागेल न लागेल अशा बेतानं उभं करी आणि उरलेल्या फटींत स्कूटर ओती. अण्णांनी सगळा वेळ त्याच्याकडे डोळे लावले. समुद्र बघायला लोक पैसे खर्चून येतात. आमच्याकडचा एक जण पार्किंग बघत होता. माझ्या एका बाजूला तारल्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला कांजीवरम नेसलेली लग्नाची पाहुणी. दोघींचा एकमेकींना काडीचा त्रास नव्हता. त्रास मधल्या माणसाला.

बोट सुटली. माईंनी आवळासुपारी तोंडात टाकून डोळे मिटले. अर्ध्या वाटेत बोट रेंगाळली, कारण वल्लारपाडमच्या टर्मिनलकडे निघालेलं कंटेनरचं जहाज आडवं आलं. चाळीएवढ्या उंचीची ती भिंत सरकत गेली, आणि तिच्यामागून कुणीतरी ओरडलं, "डॉल्फिन!" पाहुणे एका बाजूला धावले. स्थानिकांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. मला एक पंख दिसला, बायकोला दोन, अण्णांनी तीन डॉल्फिन मोजले. माईंनी डोळे उघडले तेव्हा फळी खाली पडत होती. "आलं? एवढ्यात?" त्यांच्या तोंडातली सुपारी अजून मऊ झाली नव्हती. एवढ्या तयारीत बोट लागलीच नाही, याचा त्यांना थोडा अपमानच वाटला.

फोर्ट कोचीबद्दल लोक पुष्कळ लिहितात, मी थोडक्यात उरकतो. चिनी जाळी बघा. दोरांना बांधलेल्या धोंड्यांच्या वजनावर ती तराजूसारखी वरखाली होतात. दोर ओढायला हौसेनं बोलावतात आणि ओढून झाल्यावर हात पुढे करतात, हे लक्षात असू द्या. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये बाहेरून दोरीनं ओढायचे जुने पंखे आहेत आणि वास्को द गामाची समाधी. तिसऱ्यांदा भारतात आला आणि 1524च्या डिसेंबरात इथे कोचीतच वारला. पंधराएक वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. अण्णांनी पाटी वाचली आणि शेरा मारला, "परतीचं आरक्षण न करता आलं की असं होतं."

संध्याकाळची बोट म्हणजे घरी निघालेलं बेट. शाळेची दप्तरं, सायकली, भाजीच्या पिशव्या, आणि फळी टेकण्याआधीच घुरघुरणाऱ्या शंभर स्कूटर. उतरणारी पायी माणसं आणि या स्कूटर यांच्यात वादाला तोंड फुटणार, तेवढ्यात अण्णा पुढे सरसावले. उजवा हात आडवा, डावा हात मागं, आणि खणखणीत मराठीत, "थांबा! आधी पायी माणसं! मागं घ्या, मागं!"

स्कूटर थांबल्या. एका हेल्मेटातून "ओके चेट्टा", म्हणजे दादा, असा आवाज आला. माणसं उतरली, अण्णांनी हात खाली केला, मग स्कूटर सुटल्या. दोन बोटांवर सगळा कारभार चालवणारा तो खलाशी हे बघत उभा होता. त्यानं अण्णांना मान लववली. एस.टी.नं निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं होतं, पण अण्णांची छाती फुगलेली मी प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला जाताना बायकोच्या आग्रहानं वॉटर मेट्रो घेतली. 2023 साली सुरू झालेल्या या सेवेचा पहिला मार्ग हायकोर्ट ते वैपिन हाच. विजेवर चालते, वातानुकूलित आहे, दारं आपोआप उघडतात, मोजून माणसं आत घेतात. माईंना ती पसंत पडली. अण्णांनी इकडेतिकडे बघितलं आणि गप्प बसून राहिले. आवरायला काही नव्हतंच.

तुम्ही वैपिनला राहणार असाल तर सुट्टे पैसे जवळ ठेवा, बोटीत समुद्राकडची बाजू धरा, आणि सुटीच्या संध्याकाळी गाडी घेऊन रांगेत लागू नका. दोनांतली एक रो-रो दुरुस्तीला गेलेली असली की गाड्यांची रांग हलत नाही. पायी जाणाऱ्याला मात्र पुढची बोट मिळते.