फरशीवरचे न्यायमूर्ती

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की घरातल्या एका माणसाला बढती मिळते. कालपर्यंत तो बँकेतला साधा अधिकारी असतो, नाहीतर निवृत्तीनंतर शब्दकोडी सोडवणारा निरुपद्रवी गृहस्थ. पिल्लानं दिवाणखान्यात पहिलं तळं केलं की त्याचा न्यायमूर्ती होतो. बाणेरपासून बोरिवलीपर्यंत एकाही सोसायटीत हे पद रिकामं सापडणार नाही. न्यायमूर्ती ओळखणं सोपं आहे. सोफ्याजवळ ओल दिसली की बाकीची मंडळी फडकं शोधतात, हे हेतू शोधतात. “हा मुद्दाम करतो,” हा पहिला निकाल. “काल ओरडलो होतो ना, त्याचा राग काढलाय,” हा दुसरा. दहा आठवड्यांचं, स्वतःच्या शेपटीलाही परकं समजून तिच्यामागे धावणारं पिल्लू रात्रभर डूख धरतं आणि पहाटे गालिच्यावर सूड उगवतं, हे त्यांना सहज पटतं. न्यायदान आणि फरशी पुसणं ही दोन खाती मात्र ते कटाक्षानं वेगळी ठेवतात. दुसरं खातं बायकोकडे, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींकडे असतं.

हे गृहस्थ मूत्राशयाच्या प्रश्नाला चारित्र्याचा प्रश्न करून टाकतात, आणि तेही अज्ञानापोटी नव्हे, सोयीपोटी, असं माझं म्हणणं आहे. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर दोन-तीन तास कळ काढतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तेवढीही निघत नाही. त्यामुळे उपाय उघड आहे. नेमक्या या वेळांना त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, काम झाल्या क्षणी शाबासकी द्यायची, आणि एरवी नजरेआड होऊ द्यायचं नाही. मेख एवढीच की हे वेळापत्रक माणसाला पाळावं लागतं. पहाटे चारला उठायचं माणसानं, टीव्हीवर सामना रंगात आला असताना पिल्लाला उचलून गच्चीत पळायचं माणसानं. याउलट, दोष पिल्लाच्या स्वभावात आहे असं एकदा ठरवलं की सुधारण्याची सगळी जबाबदारी पिल्लावर जाते आणि न्यायमूर्तींना सामना शेवटच्या चेंडूपर्यंत पाहता येतो.

यावर त्यांचा हुकमी पुरावा म्हणजे आरोपीचा चेहरा. “कळत नसतं तर कान पाडून, नजर चुकवून बसला असता का?” अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या न्यूयॉर्कच्या संशोधिकेनं २००९ साली नेमकं हेच तपासलं. खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावून मालक १४ कुत्र्यांना सोडून खोलीबाहेर जात. परतल्यावर कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही हे त्यांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं जाई. अपराधी चेहऱ्याचा गुन्ह्याशी संबंध निघाला नाही, मालकाच्या ओरडण्याशी निघाला. उलट निर्दोष असून बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे जास्त अपराधी दिसले. पिल्लू सांगत असतं ते “मी चुकलो” नव्हे, “तुम्ही चिडलेले दिसताय”. घाबरलेलं पिल्लू पायाशी लोळून दोन थेंब आणखी सोडतं, आणि ती शरणागती न्यायालयाचा अवमान म्हणून नोंदली जाते.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. “तासभर खाली फिरवलं तरी केलं नाही, घरात आल्या आल्या केलं. याला काय म्हणायचं?” याला हिशेब म्हणायचं. खाली वास, माणसं, मांजरं, सगळी गंमत असते, आणि त्यानं काम उरकलं की मालक लगेच वर नेतो. काम केलं की गंमत संपते, हे पिल्लू चटकन शिकतं. त्याआधी, लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्हो विषाणूच्या भीतीनं डॉक्टर त्याला खाली उतरवू देत नाहीत, म्हणून घरात वर्तमानपत्रं अंथरली जातात. आठवडाभर ‘पेपरवरच कर’ असं शिकवायचं आणि रविवारची पुरवणी वाचता वाचता जमिनीवर ठेवायची, यात आज्ञाभंग कुणी केला हे वेगळं सांगायला नको. फरशीवर फिनाइल ओतल्यानं वास जातो तो आपल्यापुरता. पिल्लाच्या नाकाला जुनी जागा सापडतेच, कारण मूत्राचे अंश मोडून काढायला एन्झाइमचं द्रावण लागतं. “आमच्या गावच्या कुत्र्याला कुणी काही शिकवलं नव्हतं” हेही खरंच आहे, पण त्याला अंगण होतं. नवव्या मजल्यावर अंगण नाही, लिफ्ट आहे, आणि तीही सातव्यावर थांबते.

“धाकाशिवाय शिस्त नाही” हा शेवटचा युक्तिवाद. ओलीत नाक घासण्यानं पिल्लू शिकतं, हे मान्य. ते असं शिकतं की या माणसासमोर हे काम धोक्याचं आहे. पुढे ते सोफ्यामागे जातं आणि साखळीला बांधून खाली नेलं तरी मालकादेखत काही करत नाही. खरी पद्धत घरातच असते. बाळ उठलं, दूध प्यालं की आजी त्याला पायांवर धरून ‘शूऽ शूऽ’ करायची. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेला आवाज, आणि झाल्यावर “शहाणं गं माझं!” त्या बाळाला दोन-तीन वर्षांची मुदत मिळाली आणि कुणी त्याचा हेतू विचारला नाही. पिल्लाला चार दिवस मिळतात.

सगळं पाळूनही पिल्लू वारंवार थेंब थेंब करत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, तेव्हा डॉक्टर गाठावा. पण एरवी पाच-सहा महिन्यांत मूत्राशय मोठं होतं, ताबा येतो आणि फरशी कोरडी राहू लागते. घोळ तिथेच होतो. वाढत्या वयानं आपोआप झालेली सुधारणा न्यायमूर्ती आपल्या निकालांच्या खात्यावर जमा करतात. ही जमात कधीच संपत नाही ती यामुळे. सोसायटीत नवं पिल्लू आलं की तेच सर्वांत आधी सल्ला देतात, आणि सांगायला पुरावाही असतो : “आमचा ब्रुनो बघा. दोनदा नाक घासलं, सरळ झाला.”